नवा संगमरवरी ओटा: डाग कोणता, चट्टा कोणता आणि कशावर काय करायचं

माझ्या सासूबाईंचा पाटा अजून मागच्या अंगणात आहे. काळ्या दगडाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला. त्याच्यावर त्यांनी आयुष्यभर चिंच वाटली, कैरी वाटली, ठेचा रगडला, आणि संध्याकाळी दोन गडवे पाणी ओतलं की पाटा पुन्हा पहिल्यासारखा. आम्ही नवीन घर बांधलं, ओट्याला पांढरा संगमरवर लावला, तेव्हा त्या एकच म्हणाल्या, "दगडच आहे न वो, दगडाले काय होते?"

दर्यापूरकडच्या आमच्या भागात आता घर बांधलं की ओटा ग्रेनाइटचा किंवा संगमरवराचा असतोच. दगड महागाचा, हौसेनं घेतलेला. पण तो वापरायचा कसा, हे ना दुकानदार सांगत, ना मिस्तरी. म्हणून ज्यांचा ओटा नवीन आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. यातलं बरंचसं मी ओटा खराब करूनच शिकले.

सगळ्यात आधी पाटा आणि ओटा यांतला फरक समजून घ्या. आपला वऱ्हाडातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन तो झाला, त्याला आंबट चढत नाही. संगमरवर वेगळ्या जातीचा. गडचांदूर-कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यांत जो चुनखडक जातो, तसाच चुनखडक जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं बदलला की त्याचा संगमरवर होतो. दोन्हींत मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आणि कॅल्शियम कार्बोनेटवर कुठलाही आंबट पदार्थ पडला की तो दगड विरघळवायला लागतो. लिंबू, चिंच, ताक, टमाटर, संत्र्याचा रस, अंबाडी, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, सगळे त्यात आले. शिवाय हा दगड मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायची 1 ते 10 अशी मोस नावाची मोजपट्टी आहे. तिच्यावर संगमरवर 3 च्या आसपास येतो, ग्रेनाइट 6 ते 7. साध्या लोखंडी खिळ्यानंही संगमरवरावर रेघ उमटते.

आधी आपला दगड कोणता ते बघा

गावात कोणत्याही गुळगुळीत फरशीला "मार्बल" म्हणतात. तुमचा ओटा ग्रेनाइटचा असेल तर यातली निम्मी काळजी तुम्हाला लागूच नाही. कडप्पा आणि कोटा हे मात्र चुनखडकच आहेत, त्यांनाही आंबट चालत नाही. काळा कडप्पा बघून ग्रेनाइट समजू नका.

ओळखायचं सोपं आहे. सिंक बसवताना मिस्तरी दगडाला भोक पाडतो, त्यातून एक चौकोनी तुकडा निघतो. तो तुकडा जपून ठेवा. आमच्याकडे तो गाईच्या गोठ्यात उंबऱ्याला लागला होता, मी काढून आणला. त्याच्यावर लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा आणि उजेडात तिरपं धरून बघा. थेंबाच्या जागी चमक गेलेला गोल दिसला तर दगड संगमरवर किंवा चुनखडकाचा आहे. काहीच फरक नसेल तर ग्रेनाइट. तुकडा नसेल तर सिंकखालच्या, न दिसणाऱ्या काठावर करा. पुढे कोणतीही पावडर, कोणतंही औषध ओट्याला लावण्याआधी याच तुकड्यावर लावून बघायचं.

रोजचं पुसणं

दिवसभराचं काम आटोपलं की आधी कोरड्या मऊ फडक्यानं ओटा झटका. हे लोक चुकवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीतून शेतातली धूळ येते, गहू-ज्वारी निवडताना खडे सांडतात. त्याच्यावर डायरेक्ट ओलं फडकं फिरवलं की ती रेती दगडावर रगडली जाते आणि बारीक बारीक ओरखडे पडतात. एका दिवसात दिसत नाहीत, वर्षभरात ओटा मंद होतो.

मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून पुसा, साध्या पाण्याचा हात फिरवा, आणि शेवटी कोरडं करा. जुनं सुती धोतर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ यासाठी सगळ्यात चांगलं.

राख, विटेचा भुगा, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी, यांतलं काहीही ओट्याला लावू नका. सासूबाईंची सवय राखेची. भांड्यांना राख चालते, ओट्यावर तीच राख कानस होते.

गरम कढई, कुकर थेट ठेवू नका, खाली चुंबळ किंवा लाकडी पाट ठेवा. खलबत्त्याखाली गोणपाट चौपदरी करून घाला. सिंक आणि शेगडीच्या भोकाजवळची पट्टी अरुंद असते, तिथेच दगड तडकतो. त्यामुळे बल्ब बदलायला ओट्यावर चढून त्या पट्टीवर उभं राहू नका.

डाग आणि चट्टा: हे कळलं की निम्मं काम झालं

आमच्या दुसऱ्या वर्षीच्या महालक्ष्म्यांची गोष्ट. महालक्ष्मीच्या जेवणाला आमच्याकडे ज्वारीची आंबील असते, कढी असते, अंबाडीची भाजी असते. म्हणजे दगडाला नको ते सगळं एकाच दिवशी. पंगती उठेपर्यंत रात्र झाली आणि आंबिलीचा गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात) तसाच ओट्यावर राहिला, बाहेरून ओघळलेला. सकाळी उचलला तर खाली ताटलीएवढं गोल वर्तुळ. मी घाबरले. आधी साबणानं घासलं, मग लिंबू-मीठ लावलं, आणि तरी जाईना म्हणून न्हाणीतली ॲसिडची बाटली आणून थोडं ओतलं. दगडावर फेस आला, फसफस आवाज झाला. पुसून बघितलं तर एक वर्तुळ होतं तिथे हातभर पांढुरका, खरखरीत पट्टा झाला होता. बोट फिरवलं की अजून लागतो.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ते वर्तुळ मुळात डाग नव्हतंच. दगडावरची खूण दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज उलटा आहे.

डाग म्हणजे बाहेरचं काहीतरी दगडात मुरलेलं असतं. तेल, हळद, चहा, जंग. डाग आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद किंवा रंगीत दिसतो. त्याला बाहेर ओढून काढायचं असतं.

चट्टा म्हणजे दगडात काही शिरलेलं नसतं, उलट दगडच वरून थोडासा खाल्ला गेलेला असतो. पॉलिश गेलेलं असतं. तो फिकट, पांढुरका, मंद दिसतो. पेल्याचं गोल, लिंबाच्या फोडीचा आकार, ओघळाची रेघ, असे त्याचे आकार ओळखू येतात. तिथे काढायला काही नाहीच, त्यामुळे जितकं घासाल तितकं बिघडेल.

ओळखायची पद्धत अशी. रात्री स्वयंपाकघरातला लाइट बंद करा. मोबाईलची बॅटरी ओट्यावर जवळजवळ आडवी धरा आणि डोळे ओट्याच्या पातळीला आणा. प्रकाश दगडावरून सरपटत जातो. नीट चमक असेल तिथे उजेडाची सरळ पट्टी दिसते. चट्टा असेल तिथे ती पट्टी तुटते, धुरकट होते. डाग असेल तर चमक तशीच अखंड राहते, फक्त खालून रंग दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे केल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

काही वेळा दोन्ही एकत्र असतात. लोणच्याच्या बरणीखालच्या गोलात तेल मुरलेलं असतं आणि आंबटानं पॉलिशही गेलेलं असतं. तेव्हा आधी डाग काढायचा, मग चट्टा.

डाग काढायचा लेप

सांडल्या सांडल्या काही करायचं असेल तर फडक्यानं टिपून घ्या. पुसू नका, पुसलं की पसरतं. टिपून झाल्यावर पाण्यानं धुऊन कोरडं करा. जुन्या डागाला लेप लागतो.

लेपाचं तत्त्व साधं आहे. दगडाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, डाग त्यांत बसलेला असतो. ओला लेप लावला की त्यातलं पाणी किंवा औषध छिद्रांत जाऊन डाग सैल करतं. मग लेप वाळायला लागला की ते पाणी उलटं वर ओढलं जातं आणि येताना डाग घेऊन येतं. म्हणजे खरं काम वाळताना होतं. ताजमहालाच्या मकराणा संगमरवरावर पिवळेपणा आला तेव्हा पुरातत्त्व खात्यानं मुलतानी मातीचेच लेप लावले. आपल्याला लागते तीही हीच, किराणा दुकानात मिळणारी मुलतानी माती.

तेलाच्या डागासाठी:

1. डागाची जागा साध्या पाण्यानं ओली करून घ्या.
2. मुलतानी माती पाण्यात कालवा, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब टाका. पिठल्यासारखं पातळ नको, पाटवडीच्या पिठासारखं घट्ट हवं.
3. डागाच्या बाहेर बोटभर जाईल असा लेप पसरा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या वर.
4. वर प्लास्टिकचा कागद टाका, कडेनं चिकटपट्टी लावा, सुईनं पाच-सहा भोकं पाडा. 24 तास तसाच ठेवा.
5. प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. तडे गेले पाहिजेत. मे महिन्यात अर्ध्या दिवसात वाळतो, पावसाळ्यात दोन दिवस लागतात.
6. लाकडी सराट्यानं अलगद उचला. लोखंडी नको. धुऊन कोरडं करा.

पहिल्या वेळी डाग थोडाच फिका होतो. निराश होऊ नका. आमच्या शेगडीजवळचा सावजी रश्श्याच्या तेलाचा डाग चौथ्या लेपाला गेला.

जवसाच्या तेलाबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे जवस घराघरांत आहे. बाकी तेलं ओशट राहतात, जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून तर ते रंगकामात वापरतात. दगडात शिरून वाळलं की लेपालाही दाद देत नाही आणि पिवळं पडतं. जवसाचं तेल सांडलं की हातातलं काम टाकून आधी ते टिपा.

हळद, चहा, कुंकू, फळांचा रंग यांना साधी माती पुरत नाही, रंग फिका करणारं औषध लागतं. मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साईड मिळतं, बहुतेक 6 टक्क्यांचं. ते खाण्याच्या सोड्यात किंवा मैद्यात कालवून वरच्याच रीतीनं लेप लावा. इथे मुलतानी माती घेऊ नका, तिच्यात लोह असतं आणि पेरॉक्साईडशी तिचं जमत नाही. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, दुसरं कोणतंही औषध त्यात मिसळू नका. आणि हे फक्त पांढऱ्या दगडाला. काळ्या-हिरव्या संगमरवराचा स्वतःचा रंग त्यानं उडू शकतो.

हळदीचं एक लक्षात ठेवा. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद असो की बाजारची, साबण किंवा सोडा लागला की डाग पिवळ्याचा लालसर होतो. डाग वाढला असं वाटून बायका घाबरतात. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तसंच आहे हे. साध्या पाण्यानं धुतलं की पुन्हा पिवळा होतो. दुसरं म्हणजे हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीतून ओट्यावर ऊन येत असेल तर दोन-चार दिवस त्या जागेवर काही ठेवू नका, उन्हालाच काम करू द्या. पातळावरचा हळदीचा डाग उन्हात फिका होतो हे आपल्याला माहीत आहेच.

जंगाचा डाग सगळ्यात वाईट. ओला लोखंडी तावा, शेगडीचे पाय, तेलाच्या डब्याचा पत्रा, खाली फरशीवर सिलिंडरचं कडं. पेरॉक्साईडनं तो जात नाही. दुकानात मिळणारी जंग काढायची बरीच औषधं ॲसिडची असतात, ती जंगाबरोबर दगडही नेतात. हा डाग मी स्वतः काढायला जात नाही, पॉलिशवाल्याला दाखवते. त्यापेक्षा तावा कोरडा करून भिंतीला टांगा.

चट्ट्याचं काय करायचं

चट्ट्यावर एकच उपाय, तिथला दगड पुन्हा गुळगुळीत करणं.

चट्टा हलका असेल, म्हणजे दिसतो पण बोटाला लागत नाही, तर घरी जमतं. मार्बलची पॉलिश पावडर अमरावती, अकोला, नागपूरच्या टाइल-मार्बलच्या दुकानांत मिळते. जागा ओली करा, चिमूटभर पावडर टाका, नमद्याच्या तुकड्यानं किंवा घडी केलेल्या जाड सुती फडक्यानं जोर देऊन गोल गोल घासा. दोन-तीन मिनिटांनी धुऊन, वाळवून, बॅटरीच्या उजेडात बघा. पुन्हा करा. घाई न करता तीन-चारदा करावं लागतं. टूथपेस्टनं करा असं बऱ्याच जणी सांगतात. मी तुकड्यावर करून पाहिलं, चमक आली नाही, उलट बारीक रेघा पडल्या.

चट्टा नखाला लागत असेल, माझ्या ॲसिडच्या पट्ट्यासारखा, तर मशीनवालाच लागतो. तो खरखरीतपासून बारीकपर्यंत एकेका नंबरचे पॅड लावत जातो आणि शेवटी पावडरीनं चमक काढतो. बोलावण्याआधी फुटाचा भाव ठरवा. पाणी मारूनच घासायला सांगा, कोरडं घासलं तर दगडाची धूळ घरभर आणि फुप्फुसात जाते. भांडी आणि धान्य आधीच दुसऱ्या खोलीत हलवा. फक्त चट्ट्यापुरतं घासायला सांगू नका, तिथे खळगा होतो. सगळी पट्टी घासून घ्यावी.

नवीन घर बांधणाऱ्यांना माझा सल्ला आहे की आरशासारखी चमक घेऊच नका. मंद, मॅट घोटाई करून घ्या. आंबट तिच्यावरही चढतंच, पण मंद दगडावरचा मंद चट्टा नजरेत भरत नाही.

खारं पाणी

आमचा भाग पूर्णेच्या काठचा, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी ओट्यावर वाळलं की पांढरे ठिपके आणि नळाच्या बुडाशी कडक पुटं बसतात. ते काढायला बाया लिंबू, व्हिनेगर, नाहीतर न्हाणीचं ॲसिड घेतात, कारण स्टीलच्या नळावर त्यानं जातं. दगडावर हे करू नका. पुट ज्याचं बनलेलं असतं त्यात चुनाच जास्त, आणि दगडही चुन्याचाच. पुट विरघळवणारं औषध दगडालाही विरघळवणार.

ओलं फडकं अर्धा तास पुटावर ठेवून ते भिजवा. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड आडवं धरून हळूहळू खरवडा. एका दिवसात सगळं निघालं पाहिजे असा हट्ट नको. आणि रात्री झोपायच्या आधी नळाभोवती एकदा कोरडं फडकं फिरवा, पुट बसणारच नाही.

ओट्याच्या सांध्यांतून किंवा भिंतीच्या कडेनं पांढरी भुकटी फुटत असेल तर ती वेगळी. बांधकामाला खारं पाणी वापरलं की सिमेंटमधला क्षार ओलाव्याबरोबर वर येतो. ती धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून घ्या आणि ओल कुठून येते ते शोधा. आमच्याकडे सिंकखालचा पाइप पाझरत होता.

सीलर

दगडाची छिद्रं बुजवणारं सीलर मार्बलच्या दुकानात मिळतं. त्यानं डाग लगेच मुरत नाही, पुसायला वेळ मिळतो. पण आंबटाचा चट्टा सीलरनं थांबत नाही, हे दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगते. दगडात मुरणारं आणि स्वयंपाकघरात चालणारं सीलर मागा. वर थर धरणारं नको, ते पापुद्र्यासारखं सुटतं. खोबरेल तेल किंवा मेण लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तेल पिवळं पडतं आणि मेणावर धूळ बसते.

गरज आहे का हे बघायला ओट्यावर दोन-तीन ठिकाणी पाण्याचे मोठे थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंब पुसल्यावर खालचा दगड गडद दिसला तर तो पाणी पितो आहे, सीलर लावायची वेळ झाली. रंग तसाच असेल तर थांबा. शेगडीजवळ आणि सिंकजवळ आधी गरज पडते, म्हणून थेंब तिथेच टाका.

लावण्याआधी ओटा धुऊन पूर्ण एक दिवस वाळू द्या. ओल्या दगडात सीलर शिरत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका. डब्यावर लिहिलं असेल तितकी मिनिटं ठेवून उरलेलं सीलर पुसून काढा, दगडावर वाळू देऊ नका, नाहीतर चिकट झाक राहते. त्या रात्री ओटा वापरायचा नाही. आमच्याकडे त्या दिवशी स्वयंपाक मागच्या चुलीवर होतो, आणि सीलर लावल्याची तारीख मी सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते.